मोठ्या पाण्याकाठचा माका

१

राजनंदिनीची वही गेली हे कळलं तेव्हा शगुफ्ता बागवानला आधी बरं वाटलं, घाम फुटला तो नंतर. खोटं कशाला बोला? माणसाचं मन असंच नालायक असतं.

गुरुवारची सकाळ होती. बारामतीच्या एमआयडीसी रस्त्यावरच्या वनौषधी संशोधन केंद्रात शगुफ्ता नेहमीसारखी साडेनऊला पोचली, तर तिच्या खोलीच्या खिडक्या उघड्या, टेबल पुसलेलं आणि चार वर्षं तिच्या हाताखाली शिकणारी संशोधक श्रेया दोन कपांत चहा गाळत बसलेली. "या ताई, आलं टाकलंय," ती म्हणाली. पहिला घोट घेतेय तोच राजनंदिनी आली. तिला तिची वही हवी होती. शगुफ्तानं कमरेचा जुडगा सोडून सात नंबरचं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात वही नव्हती.

शगुफ्ताची खोली म्हणजे सुकलेल्या झाडांचं घर. अकरा लोखंडी कपाटं, त्यांत कागदावर चिकटवलेली हजारो झाडं, आणि किडीनं खाऊ नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या. वीस वर्षं ती त्या वासात वावरत होती. तिचे दोन नियम सगळ्या केंद्राला पाठ होते. प्रयोगाचे उंदीर ठेवतात त्या उंदीरखान्यातल्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही, कारण उंदरांच्या दाण्यातनं किडे येतात. आणि कपाटातलं काहीही काढलं तर ते ज्याच्या त्याच्या कुळाच्या कपाटातच परत गेलं पाहिजे. चुकीच्या कुळात गेलेलं झाड मेलं म्हणून समजा, ती म्हणायची, ते परत कुणाच्या बापाला सापडत नाही.

आता ह्या वहीत एवढं काय होतं? फुफ्फुसाला वण पडून ते राठ होत जायचा एक आजार असतो. दम लागून लागून माणूस झिजतो. डॉक्टरांच्या गोळ्या त्या आजाराला जरा आवर घालतात, पण पडलेला वण काही पुसत नाहीत. झाडपाल्यातून त्यावर काही निघतं का, हे केंद्रात बघत होते. श्रेयानं चार वर्षं भुईरिंगणीवर घातली, उंदरांनी दाद दिली नाही. आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या ह्या इंदापूरच्या पोरीनं उजनीच्या गाळातला माका आणला. केसाच्या तेलात घालतात तोच. त्याच्या अर्कानं उंदरांच्या फुफ्फुसातले वण चक्क विरळ झाले. माणसाचं अजून कोण सांगणार? पण पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले. माक्याची ही माहिती जिनं दिली त्या कुशाबाईचे शब्द त्या वहीत होते.

वीस वर्षं माका आपण दाबला, वाळवला, चिकटवला, आणि नाव हिचं! शगुफ्ताच्या पोटात तेव्हापासून जे दुखत होतं ते कुठल्या काढ्यानं थांबणारं नव्हतं. शिवाय ती पोरगी तिला 'मॅडम' म्हणायची. श्रेया कशी 'ताई' म्हणायची, डब्यातलं कालवण वाटून खायची.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर संभाजी निंबाळकर धावत खाली आले. "शगुफ्ताबाई, किल्ली कुणाला दिली होती?"

"कुणालाही नाही, सर. जुडगा माझ्या कमरेला असतो."

हे बोलताना तिची जीभ जराही अडखळली नाही.

२

दुपारी सरांनी वर बोलावलं. "जुन्या फायलींत काही नोंद असेल बघा," असं सकाळी कुणीसं म्हणालं होतं, म्हणून उंदीरखान्याचा अविराज शिडीवर चढून धूळ खात एकेक फाईल खाली देत होता. २०१६च्या फायलीतून एक कागद निघाला आणि सरांचा चेहराच उतरला.

केंद्राच्या जुन्या नावाचा, पिवळट पडलेला कागद. त्यावर टाईप केलेलं:

'सांगणारी: कुशाबाई, तालुका इंदापूर. सांगणाऱ्याच्या शब्दांत, जसंच्या तसं. भीमेच्या कडंला गाळात माका येतो. पाणी वसरलं की चैतात मुळासकट उपटायचा. सावलीत वाळवायचा, उन्हात न्हाय. शेळीच्या दुधात उकळून दम्याच्या माणसाला द्यायचा.'

"जसंच्या तसं" ही केंद्राची जुनी शिस्त. सांगणाऱ्याच्या तोंडचा एक शब्दही लिहिणाऱ्यानं बदलायचा नाही, म्हातारी चैत म्हणाली तर चैत्र करायचा नाही. मागाहून झाड ओळखायला तोच शब्द कामी येतो.

"राजनंदिनी," सर म्हणाले, "तू येण्याच्या कितीतरी आधीचा कागद आहे हा. तू म्हणालीस ही माहिती तू पहिल्यांदा आणलीस."

राजनंदिनीनं कागद दोनदा वाचला. "सर, शब्द कुशाआजींचेच वाटतात. पण हे त्यांनी मला सांगितलंय. मी स्वतः लिहून घेतलंय."

"मग वही दाखव."

राजनंदिनीनं कागद टेबलावर ठेवला. दारात उभी असलेली श्रेया खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. अविराज शिडीवरून उतरायचं विसरून वरच थांबला होता.

"सोमवारी समिती बसेल," सर म्हणाले. "केंद्राच्याच फायलीतलं उचलून स्वतःचं म्हणून मांडलं असेल तर तुझी संशोधनाची नोंदणी रद्द होईल. मला दुसरा इलाज नाही. आणि शगुफ्ताबाई, वही तुमच्या कपाटातून गेलीय. सोमवारच्या आत काय ते शोधा."

शगुफ्तानं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन उलटासुलटा पाहिला. तिला त्यात वेगळं असं काहीच जाणवलं नाही. मनात मात्र लाडू फुटत होते. उडत होती ना पोरगी!

जिन्यात राजनंदिनीनं तिला गाठलं. डोळे भरलेले. "मॅडम, तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय?" शगुफ्ता म्हणाली आणि भराभरा पायऱ्या उतरली.

३

शगुफ्तानं शोध हाती घेतला तो राजनंदिनीला वाचवायला मुळीच नाही. तिचा हिशेब सरळ होता. ह्या पोरीनंच जुना कागद चोरून वाचला, वहीत उतरवला, आणि आता पकडले जाऊ म्हणून वही स्वतःच गायब केली. फक्त कुशाबाईच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं की ही माहिती मी आठ-नऊ वर्षांमागंच कुणालातरी दिली होती.

तरी बाकीच्यांना विचारून घेणं भाग होतं. शुक्रवारी तिनं अविराजला उंदीरखान्याच्या दाराशी धरलं.

"तू राजनंदिनीच्या घरी मागणी घातली होतीस म्हणे?"

अविराज लाल झाला. "घातली होती. नाही म्हणाली. म्हणाली, आधी काम होऊ दे."

"राग आला असेल."

"आला की. महिनाभर तिच्या पिंजऱ्यांना मी शेवटी दाणा घालायचो," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "पण बाई, वही कशी नेईन मी? तुमच्या दारात पाय ठेवला तर तुम्ही तंगडी तोडाल."

ते खरंच होतं. भिगवणचा हा पोरगा महिन्यातून एकदा कुशाबाईच्या नवऱ्याला तपासणीसाठी केंद्राच्या जीपमधून आणायचा-सोडायचा. तेवढाच त्याचा ह्या कामाशी संबंध.

श्रेया तर तिच्या समोरच बसलेली होती, डबा उघडून. "मी काय सांगू ताई? मी त्या गावाला कधी गेलेच नाही. मला ते आजोबा म्हणजे रुग्ण क्रमांक अकरा. सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर येतं तेवढंच मी बघते." मग हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हणायचात ना, कालची आलेली आणि ताट ओढून बसली."

"म्हणायचे," शगुफ्ता म्हणाली. "आणि बघ, आलं ना अंगाशी तिच्या?"

तिनं श्रेयाच्या डब्यात मेथीची भाजी वाढली. श्रेयानं त्या दिवशी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

४

शनिवारी सकाळी अविराजनं जीप काढली. भिगवणला मासळीच्या गाड्या ओलांडून ते उजनीच्या पाण्याकडं वळले. पाणी मागं सरकलेलं होतं, आणि काळ्या गाळावर पोपटी कोंब उठलेले. पत्र्याच्या घरासमोर बाजेवर एक म्हातारा उशीला टेकून बसला होता. नाकात नळी, शेजारी हवेचं यंत्र घुंघुं करत होतं. साखर कारखान्याच्या भुशात त्याचं सारं आयुष्य गेलेलं. दोन शब्द बोलला की तिसऱ्याला थांबायचा.

"बसा," तो म्हणाला, थांबला, "बाई."

कुशाबाई सत्तरीची, काटक. शगुफ्तानं माक्याचं विचारल्यावर तिची कळी खुलली.

"मोठ्या पाण्याच्या कडंला येतो बगा. बांधावरचा न्हाय चालत, गाळातलाच. ह्यास्नी दोन वर्सं देतीया. बरं हुतंय असं न्हाय म्हणत मी, डाक्टरची नळी हायच की. पर रातीला जरा डोळा लागतुया."

"मोठं पाणी म्हणजे कुठलं, आजी?"

"हेच की हो, समोरचं."

"म्हणजे धरण?"

"धरण आत्ता झालं. ही आपली थोरली न्हवं का, पंढरपुराकडं जाती ती."

शगुफ्ताला काही उमगेना. नदीचं नाव ह्या बाईला ठाऊक नाही की काय? अविराज मात्र गालात हसत होता.

"आजी, नाव घ्या की नदीचं! बाई लांबून आल्यात."

"मुडद्या, तू गप!" कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. बाजेवरचा म्हाताराही हसला आणि हसता हसता खोकला. तिनं धावत जाऊन त्याची पाठ चोळली. खोकला थांबल्यावर ती तिथूनच म्हणाली, "घ्यायाचं तर नीट घेती. आइका." आणि मान वळवून तिनं उखाणा घातला:

"पानी वसरल्या गाळात माक्याला पांढरं फूल,
भीमरावांच्या जीवावर पेटती माजी चूल!"

शगुफ्ताच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

नवऱ्याचं नाव भीमराव. नदीचं नाव भीमा. ही बाई मेली तरी उखाण्याबाहेर ते तोंडातनं काढणार नाही! आपली अम्मी तरी काय करायची? अब्बांचं नाव इब्राहिम, तर रेशनच्या दुकानात अम्मी आपल्याला पुढं करायची, सांग ग नाव म्हणून. आणि त्या कागदात काय होतं? 'भीमेच्या कडंला.' सांगणाऱ्याच्या शब्दांत, जसंच्या तसं!

तिनं पिशवीतून, सरांकडून शोधासाठी मागून आणलेला तो कागद काढला. "आजी, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं होतं? बऱ्याच वर्षांमागं?"

"मागं कुटलं? ह्यास्नी दम लागला तवापास्नं देतीया मी. माज्या आईचं अवशीद हाय ते. राजूच्या आदी कुनी इचारलंच न्हाय." राजू म्हणजे राजनंदिनी. कुशाबाईला वाचता येत नव्हतं, पण तिनं कागद हातात घेतला आणि नाक आक्रसलं. "ह्येला डांबरगोळीचा वास मारतुया. तुमच्या लुगड्यावानी."

५

परतीच्या वाटेवर अविराज जीप चालवत होता आणि शगुफ्ता तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. भिगवणच्या फाट्यावर त्यानं चहासाठी जीप थांबवली तरी ती खाली उतरली नाही.

कागद बनावट होता, ह्यात आता शंका नव्हती. कुणीतरी वहीतलं उतरवताना 'मोठ्या पाण्याच्या' खोडून 'भीमेच्या' केलं होतं. मोठं पाणी म्हणजे समुद्र की काय, असं वाटून सोपं करायला गेलं आणि तिथंच घसरलं. मग ते कुणी केलं? राजनंदिनी त्या ओसरीवर दोन वर्षं बसली होती, ती असला शब्द लिहिणार नाही. अविराज तर ह्याच नावावरून म्हातारीची थट्टा करत होता. ज्याला म्हाताऱ्याचं नावच माहीत नाही, ज्याच्या लेखी तो नुसता क्रमांक अकरा आहे, अशाच माणसाचं हे काम.

आणि कागद? केंद्राचं नाव बदलल्यावर जुन्या नावाचे कोरे कागद कुणी टाकून दिले नव्हते. शगुफ्तानंच ते मागून घेतले होते, वाळत्या झाडांखाली घालायला. ते तिच्या खोलीत होते, डांबरगोळ्यांच्या शेजारी. म्हणूनच गुरुवारी तो कागद नाकापर्यंत नेऊनही तिला काही जाणवलं नव्हतं. स्वतःच्या घराचा वास कुणाला येतो?

राहता राहिली किल्ली. कुणालाही नाही, असं तिनं सरांना छातीठोक सांगितलं होतं. आणि बुधवारी अम्मीला दवाखान्यात न्यायचं म्हणून ती दुपारीच निघाली, तेव्हा जुडगा कुणाच्या हातात टेकवला होता? गुरुवारी ती पोचायच्या आधी खिडक्या कुणी उघडल्या होत्या? चहाच्या कपाबरोबर जुडगा कुणी परत दिला होता? आणि जुन्या फायलींत बघा, असं त्याच सकाळी कुणी सुचवलं होतं? तिला खोटं बोलायचं नव्हतं. श्रेयाला किल्ली देणं म्हणजे किल्ली देणं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"या अल्ला," ती पुटपुटली. अविराजनं वळून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं बघायला लागला.

केंद्र शनिवारी अर्धा दिवस. सगळे गेलेले. शगुफ्तानं खोली उघडली आणि दाराशीच थांबली. वही जाळली असेल, विहिरीत टाकली असेल. पण ज्या पोरीला आपण चार वर्षं शिकवलं, चुकीच्या कुळात गेलेलं झाड मेलं म्हणून, ती वही कुठं ठेवेल? ती चार नंबरच्या कपाटाकडं गेली. सूर्यफुलाचं कूळ. खालून तिसरा कप्पा, माक्याची घडी. वाळलेल्या माक्याच्या तीन कागदांखाली, अगदी काटकोनात, निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवलेली होती.

इतकं नीटनेटकं ह्या केंद्रात दुसरं कुणीही ठेवलं नसतं.

तिनं वही उघडली. पहिल्याच पानावर होतं, 'मोठ्या पाण्याच्या कडंला.' खाली तारीख, कुशाबाईचं नाव, आणि त्याखाली राजनंदिनीच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ: 'नमुना शगुफ्ता मॅडमना दाखवला. त्यांनी हातात घेताच ओळखला. ओळख पटवणाऱ्या म्हणून लेखात त्यांचं नाव घालायचं, विसरू नये.'

शगुफ्ताला तो दिवस आठवला. चिखलानं भरलेलं झाड घेऊन पोरगी उत्सुकतेनं उभी होती, आणि आपण तुटकपणे म्हणालो होतो, माकाच आहे, त्यात काय एवढं. तिला स्वतःची लाज वाटली.

६

सोमवारी ती आठलाच आली. खिडक्या तिनं स्वतः उघडल्या, चहा ठेवला, आणि श्रेया आली तेव्हा वही टेबलावर होती.

श्रेया उभीच राहिली. मग म्हणाली, "जाळणार होते, ताई. काडीपेटी घेऊन मागं गेलेसुद्धा होते. नाही जमलं."

"का ग केलंस असं?"

"का?" श्रेयाचा आवाज चढला. "चार वर्षं रिंगणी कुटली मी. एका उंदराचा एक वण हलला नाही. आणि ती येते, केसाच्या तेलाचं झाड आणते, आणि सगळे तिच्या मागं! मला रोज झोप येत नव्हती. आणि सकाळी इथं आले की तुम्ही काय म्हणायचात? तुझ्या ताटातलं उचललं तिनं. तुझं होतं ते. रोज, ताई. चहाबरोबर रोज. मला खरंच वाटायला लागलं की ते माझंच होतं."

पोरगी जे बोलत होती त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"तुम्ही सांगू नका ना," श्रेया रडायला लागली. "वही सापडली एवढंच सांगा. खाली पडली होती म्हणा. ते तुमचं ऐकतील."

शगुफ्ताच्या मनात आलं, म्हणावं. वही मिळाली, सगळं मिटलं. पण तो कागद तर सरांच्या फायलीत परत जाणारच होता. तो खरा ठरला तर वही सापडूनही राजनंदिनी चोरच ठरणार होती. दहा वाजता वर समिती बसणार होती. ती पोरगी आत्तासुद्धा जिन्यात उभी असेल.

"चल," तिनं श्रेयाचा हात धरला. "तू सांगितलंस तर बरं. नाहीतर मी सांगेन. आणि माझं पण सांगेन."

वर गेल्यावर श्रेयाच्या तोंडून हुंदक्याशिवाय काही निघालं नाही, तेव्हा सगळं शगुफ्ताच बोलली. भीमराव, नदी, डांबरगोळी, माक्याची घडी. शेवटी म्हणाली, "सर, मी तुम्हाला म्हटलं होतं, किल्ली कुणाला दिली नाही. दिली होती. श्रेयाला दिली होती. आणि हिच्या डोक्यात हे भरवलं ते पण मीच, ते लिहून घ्या." सरांनी लिहून घेतलं. श्रेया त्याच दिवशी बारामती सोडून गेली. राजनंदिनीनं वही छातीशी धरली आणि ती खाली बसली.

पंधरा दिवसांनी शगुफ्ता आणि राजनंदिनी कुशाबाईकडं गेल्या, गाळातला ताजा माका आणायला. भीमराव बाजेवर झोपले होते, यंत्र चालू होतं. कुशाबाईला वही सापडल्याचं कळलं होतं.

"पर नेली कुनी हुती?" तिनं विचारलं. "भायेरचं मानूस?"

राजनंदिनीनं शगुफ्ताकडं पाहिलं. समितीपुढं जे नाव शगुफ्तानं स्वच्छ घेतलं होतं ते इथं तिच्या ओठावर येईना. ती उगाच माक्याच्या मुळांचा चिखल झटकत राहिली.

कुशाबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं, आणि तिच्या हातातली जुडी घेऊन सावलीत पसरली.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "आपल्या मानसाचं नाव तोंडात येत न्हाय. मला ठावं हाय."